नवसाची दहावी

निवृत्त झाल्यापासून जो भेटतो तो मला एकच प्रश्न विचारतो. बसमध्ये, हळदीकुंकवात, परवा तर रक्त तपासायला हात पुढे केला होता तेव्हा त्या लॅबवाल्या मुलीनेसुद्धा. "काकू, तुम्ही एकूण किती बायकांचं सक्षमीकरण केलंत हो?" जसं काही मी पिको-फॉलचं दुकान चालवत होते आणि दिवसाला अमुक साड्या हातावेगळ्या होत होत्या.

खरं सांगू? मी सुरगाण्याच्या डोंगरात बायकांना शहाणं करायला गेले आणि त्यांनी मलाच चांगलं घोळात घेतलं. आता दिवाळी अंकवाल्यांनी "तुमच्या कार्याविषयी लिहा" असं कळवलंय. कार्य वगैरे मी काही केलेलं नाही. नोकरी केली, पगार घेतला, जीपमध्ये बसून बसून कंबर कामातून घालवली. त्या नोकरीत एक भानगड झाली, ती तेवढी सांगते. तिच्यात कोंबड्या आहेत, वाघ आहे आणि दहावीचं गणित आहे.

आधी धंदा समजावून सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. नाशिकच्या एका संस्थेत मी होते. सुरगाणा-पेठकडच्या पाड्यांवर जायचं, बायकांचे गट बांधायचे, त्यांना घरबसल्या काही मिळकत होईल असं बघायचं आणि पोरं शाळेत टिकतील असं बघायचं. ही दोन कामं आपल्याला वेगळी वाटतात, तिकडे ती एकच आहेत. भात-नागली निघाली, दिवाळी झाली, की पाडेच्या पाडे खाली उतरतात. दिंडोरी, पिंपळगाव, ओझरच्या द्राक्षबागांत कामं असतात. नवरा-बायको जातात, कडेवरचं पोर जातं आणि त्या पोराला सांभाळायला मोठी पोरगी जाते. बागा उरकून पोरगी वर येते तोवर परीक्षा होऊन गेलेली असते. दोन-तीन हंगाम असे गेले की तिची शाळा सुटते आणि मग तिचं लग्न लावून देतात. यात कुणी राक्षस नसतो, सगळे आपापल्या पोटाच्या मागे असतात.

म्हणून आम्ही बायकांना गावठी कोंबड्या दिल्या. आई कोंबड्यांपायी घरी थांबेल, आई थांबली की पोरं थांबतील, असा आमचा साधा बेत. गावठी अंड्याला नाशिकमध्ये गिऱ्हाईक नुसतं टपलेलं असतं. कोंबडी स्वतः चरून स्वतःचं पोट भरते, खुडूक झाली की अंड्यांवर बसून पिल्लं काढते. आपण मानमोडी रोगाची लस द्यायची, संध्याकाळी खुराडं लावायचं आणि कापायची नाही. ही शेवटची अट प्रशिक्षणात सांगायची आम्हाला सुचलीच नाही, इतकी ती उघड होती.

ज्या पाड्याची ही गोष्ट, त्याचं नाव लिहीत नाही. लिहिलं तर मोतीबाई माझी खरडपट्टी काढेल. मोतीबाई म्हणजे तिथल्या गटाची अध्यक्ष. पन्नाशीची, बारकी, काटक, आणि चेहरा असा भोळा की बघणाऱ्याने घराच्या किल्ल्या तिच्या हातात द्याव्यात. आपसात या बायका कोकणी, म्हणजे तिकडच्या कोकणा लोकांची बोली, बोलतात, माझ्याशी मराठी. मी काही अडचणीचं विचारलं की मोतीबाई पुन्हा कोकणीवर जायची आणि बाकीच्या खाली बघून पदर तोंडाला लावायच्या.

सुरुवातीला कळप झकास होता. मग कोंबड्या कमी होऊ लागल्या. मी विचारलं, "मोतीबाई, ती काळी तुरेवाली दिसत नाही?"

"मुंगसानं नेली ना, ताई."

"आणि ती लंगडी?"

"ती बी मुंगसानं. लंगडी म्हणल्यावर मुंगसाला सोपीच की."

मी ऑफिसात येऊन तसं लिहिलं. आमच्याकडे मरतूक असा एक रकाना असतो, त्यात मी महिन्यामागून महिना मुंगूस लिहीत गेले. आमच्या साहेबांनी एका बैठकीत गंभीरपणे विचारलं, की मुंगसाला आळा घालायला वनखात्याशी बोलायचं का. मी म्हटलं, बोलू या.

या सगळ्या काळात पाड्यावर माझं स्वागत मात्र जावयासारखं व्हायचं. जीप ओढा ओलांडून वर आली की पोरं आरडत ओरडत धावत यायची. मला भरून यायचं. वाटायचं, बघा, आपण कुणाला इतके हवेसे वाटतो. दुपारी गटाची बैठक उरकली की मोतीबाईच्या घरी पान मांडलेलं असायचं. नागलीची भाकरी आणि कोंबडीचा रस्सा. पाट्यावर वाटलेला मसाला, वर लाल तवंग, आणि सोबत कांदा हाताने फोडलेला. आमचा ड्रायव्हर रफिक तर पाड्यावर जायचं म्हटलं की सकाळी घरून काही खाऊनच निघायचा नाही. मी एकदा विचारलंही होतं, कोंबडी कुठली म्हणून. मोतीबाई म्हणाली, बाजारातली. मीही खाण्याच्या नादात पुढे चौकशी केली नाही.

एक दिवस जीपमधून उतरले तर एक चिमुरडी पोरगी टाळ्या पिटत ओरडली, "कोंबडी आली, कोंबडी आली." मी इकडेतिकडे पाहिलं. कुठे कोंबडी नव्हती. सगळी पोरं माझ्याकडे बघत होती. रफिक खो खो हसायला लागला. म्हणाला, "मॅडम, तुम्हाला म्हणताहेत. आपली गाडी आली की कोंबडी शिजते ना."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मुंगूस दुसरं तिसरं कुणी नव्हतं, ते जीपमधून येत होतं. मी तपासणीला जितकी जास्त जाईन तितक्या कोंबड्या कमी होत होत्या. कळप घटतोय म्हणून काळजीने मी फेऱ्या वाढवल्या होत्या, आणि पाडा बिचारा प्रत्येक फेरीला एक कोंबडी माझ्या पानात वाढत होता.

मी मोतीबाईला धरलं. "अहो, संस्थेच्या कोंबड्या मलाच खायला घालता?"

"मग काय घालू? पाहुणीला चटणी-भाकर? आमची काय अब्रू हाय का नाय?"

"मी पाहुणी नाही. मी स्टाफ आहे."

"खालून गाडीत बसून येता, जेवून जाता, मुक्काम करत नाय. पाहुणा आनखी कसा असतो?"

मग मी नाना उपाय केले. एकदा डबा घेऊन गेले. बायकांनी माझी गवारीची भाजी चाटूनपुसून खाल्ली, वाखाणली, आणि तोवर चुलीवर रस्सा तयार झाला. एकदा म्हटलं, मला सोमवार आहे, उपास आहे. मोतीबाईला फार वाईट वाटलं. निघताना तिने पाय बांधलेली जिवंत कोंबडीच जीपमध्ये ठेवली. घरी नेऊन उद्या खा म्हणाली. ती कोंबडी मी नाशिक रोडला आमच्या फ्लॅटवर आणली. आमचे हे नुकतेच प्रेसमधून रिटायर झाले होते आणि त्यांना शांतता हवी होती. कापायला आमच्या दोघांचाही हात धजेना. आठवडाभर कोंबडी बाल्कनीत, हे हॉलमध्ये, आणि सोसायटीचे सेक्रेटरी दारात. शेवटी ती रफिकच्या हाती परत पाड्यावर पाठवली. तिथे ती माझ्या पुढच्या फेरीला मला पुन्हा भेटली, पानात.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. पण याच पाड्यात हिरा होती, आणि तिचं हसण्यावारी नव्हतं. सीताबाई आणि काशिनाथ यांची ही थोरली. पाड्यातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिलीच पोरगी. सावळी, तरतरीत, तोंडाने फटकळ. तिच्या पाठी दोन लहान भावंडं. काशिनाथ वाईट माणूस नव्हता, पण त्याचं ठरलं होतं. यंदा दिवाळीनंतर सगळं बिऱ्हाड घेऊन पिंपळगावला बागेत जायचं. हिरा भावंडांना बघेल. शेजारच्या गावातल्या एका घराने तिला मागणीही घातली होती. दहावी बुडाली काय आणि राहिली काय, असं त्याचं म्हणणं. मी दोनदा बोलले. तो मान डोलवायचा, विडी शिलगवायचा आणि म्हणायचा, "बघू ना ताई." आमच्या धंद्यात "बघू" म्हणजे नाही.

सीताबाईला कोंबड्यांपायी थांबायचं होतं, पण थांबायला कोंबड्या होत्या कुठे? तिच्या वाट्याच्या बहुतेक मीच खाल्ल्या होत्या. मला अन्न गोड लागेना. असं कुणी माझ्याकडून ऐकलं असतं तर विश्वास ठेवला नसता, पण खरंच लागेना.

मोतीबाईला मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचा पाहुणचार त्या पोरीला बागेत पाठवणार आहे, काहीतरी करा. तिने चुलीतलं लाकूड आत सारलं. मग म्हणाली, "वाघबारशीला या."

वाघबारस म्हणजे दिवाळीच्या तोंडावरचा तिकडचा मोठा सण. पाड्याच्या शिवेवर वाघदेव असतो. लाकडी फळी, तिच्यावर वाघ, चंद्र, सूर्य कोरलेले, शेंदूर फासलेला. गुरंढोरं, शेळ्या, कोंबड्या राखायचं काम त्याचं. त्या दिवशी गुराखी घरोघरचे तांदूळ गोळा करतात, देवाला नैवेद्य होतो, नवस फेडले जातात आणि नवे बोलले जातात. मी गेले तेव्हा सगळा पाडा तिथे जमला होता. काशिनाथही होता, पुढच्या रांगेत.

बायका एकामागून एक आल्या. प्रत्येकीच्या काखेला डालगं, डालग्यात कोंबड्या. उरलेल्या होत्या तेवढ्या सगळ्या. मोतीबाई पुढे झाली आणि खणखणीत आवाजात बोलली, "वाघदेवा, काशिनाथची हिरा दहावी पास होऊ दे. गटाच्या समद्या कोंबड्या आन त्यांची पिल्लं तुझी. पोर पास झाली की पाड्याला जेवण घालू. तोवर ह्यांना कुणी सुरी लावली तर त्याचं तू बघून घे."

देवाचं करणाऱ्या भगताने एकेका कोंबडीच्या डोक्यावर शेंदराचा ठिपका लावला. मी काशिनाथकडे पाहत होते. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं. मुलगी त्याची, नवस गटाचा, साक्षीला सगळा पाडा आणि समोर वाघ. बोलणार काय? एकाने त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलंसुद्धा, "काशिनाथ, पोरीला बागेत नको नेऊस हां आता. जेवण हाय आपलं."

मोतीबाईने एका फटक्यात कोंबड्या वाचवल्या, माझा पाहुणचार बंद केला आणि हिराच्या दहावीत सगळ्या पाड्याला भागीदार करून टाकलं. आम्ही इतकी वर्षं मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगत पथनाट्यं करत होतो. रस्सा दाखवावा असं एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दिवाळीनंतर काशिनाथ एकटा बागेत गेला. सीताबाई, हिरा आणि भावंडं थांबली. नवसाचे नियम मोतीबाई आणि भगत मिळून करायचे. अंडी विकायला मुभा. पिल्लं वाढवायला मुभा. कोंबडा बाजारात विकायला मुभा, कारण परक्या माणसाने कापला तर त्याचं पाप त्याच्या डोक्यावर. पाड्याच्या हद्दीत मात्र सुरी बंद. मी गेले की मला आता उडदाचं भुजं मिळायचं. भाजलेल्या उडदाचं दाट कालवण, चवीला उत्तम. रफिक मात्र पुन्हा घरून नाश्ता करून येऊ लागला.

हिवाळ्यात आमच्या प्रकल्पाला पैसे देणारी मुंबईची मंडळी पाहणीला आली. कळप तोवर दणदणीत झाला होता. त्यातल्या बाईंनी विचारलं, "प्रत्येक पक्ष्याच्या डोक्यावर हा लाल ठिपका कसला?"

मी म्हटलं, "टॅगिंग आहे मॅडम."

"गुड. हे कुणी सुचवलं?"

"गटाच्या अध्यक्षांनी," मी म्हटलं. मोतीबाईने अत्यंत भोळ्या चेहऱ्याने नमस्कार केला. बाईंना भुजं वाढलं. त्यांनी पाककृती विचारून घेतली.

इकडे हिराचे हाल सुरू झाले. तिला पाड्यात कुणी सुखाने बसू देईना. पाण्याला निघाली की कुणीतरी हंडा काढून घ्यायचं, "तू वाच, आम्ही आणतो." खळ्यावर कुणी मोबाइलवर गाणी लावली की म्हातारे अंगावर धावून जायचे, पोर अभ्यास करतीय म्हणून. एक आजोबा, ज्यांनी जन्मात शाळेची पायरी बघितली नव्हती, ते तिच्या समोर येऊन उकिडवे बसायचे आणि तिने पान उलटलं नाही तर विचारायचे, "अडलं का काय?" सीताबाई ठरल्या वेळी टेकडीवर गेली की काशिनाथचा पिंपळगावहून फोन यायचा. आधी कोंबड्या कशा आहेत ते विचारायचा, मग हिराचं.

हिरा एकदा माझ्यावर उखडली. "ताई, ह्या लोकांना माझ्या दहावीचं काय पडलेलं नाय. ह्यांना रस्सा पायजे."

"असू दे की. तुला वाचायला मिळतंय ना?"

"आन नापास झाले तर?"

"तर कोंबड्यांचं आयुष्य वाढेल."

"मग त्यांच्यासाठी तरी नापास होते," असं म्हणून ती फणकाऱ्याने निघून गेली. जाताना पुस्तक मात्र घेऊन गेली.

मार्चमध्ये परीक्षा झाली. निकालाच्या दिवशी मी आणि रफिक पाड्यावरच होतो. पाड्यात रेंज नाही, मागच्या टेकडीवर एका खडकापाशी येते. दुपारी सगळं गाव टेकडी चढलं. कुणी तर घरी सुरीला धार लावून ठेवल्याचं बोलत होतं. काशिनाथ बागेतून परतला होता, तोही होता. रफिकच्या मोबाइलवर निकाल उघडला. मराठी छान, इतिहास छान, विज्ञानसुद्धा बरं. गणितात गेली.

हिरा खडकावर बसून राहिली. तसं एखादा विषय राहिला तरी अकरावीत बसता येतं, मी सांगायचा प्रयत्नही केला. पण नवसात असलं काही चालत नाही. भगत म्हणाला, पास म्हंजे पास. काशिनाथ एक शब्द न बोलता टेकडी उतरून गेला.

ती शांतता मला ओळखीची होती. बाप चिडला तर बरं असतं, त्याच्याशी भांडता येतं. गप्प झालेला बाप घरी जाऊन सोयऱ्यांना निरोप धाडतो. माझ्या नोकरीत अशा किती पोरी मी घालवल्या ते मलाच ठाऊक. एका विषयात गेली, झालं, पावसाळ्यानंतर जावं तर ती सासरी. एक जण तर पुढे मला द्राक्षबागेच्या बांधावर भेटली, कडेवर बाळ. मला बघून लाजली आणि म्हणाली, "ताई, माझं इंग्रजीच राहिलं होतं ना फक्त." त्या दिवशी टेकडीवरून उतरताना मला तीच दिसत होती. नाशिकला घरी आल्यावर रडले.

पुढच्या फेरीला जायला पाय निघत नव्हता. गेले तर ओढ्यापाशी काशिनाथ उभा. त्याने हात करून जीप थांबवली. मला वाटलं, आता लग्नाची पत्रिका हातात देतो.

"ताई," तो म्हणाला, "ती परत परीक्षा असते म्हणं, ती कधी असते?"

मी म्हटलं, "जुलैत. का?"

"बसवायची ना पोरीला."

"आणि ते मागणीवाले?"

"आले होते. सांगितलं, अंगावर नवस हाय, फिटल्याबिगर घरात मांडव घालता येत नाय. ते म्हणले, दिवाळीपर्यंत थांबतो. मी म्हणलं, थांबू नका, काय सांगता येत नाय." मग त्याने विडी काढली, शिलगवली नाही, नुसती बोटांत फिरवली. "मी बघितलं ना ताई तिचं गणिताचं पुस्तक. आतून समदं चाळलं. लय अवघड हाय हो ते. आपली पोर त्यात डोकं घालून बसते, ह्येच लय हाय."

मी जीपमधून उतरले आणि उगाच पदराने चष्मा पुसत उभी राहिले.

आता गणित शिकवायचं कुणी? शाळेचे सर उन्हाळ्यात गावी गेलेले. मी आमच्या ह्यांना गळ घातली. त्यांचं गणित पहिल्यापासून चोख, आणि रिटायर झाल्यावर त्यांना शिकवायला कुणी मिळत नव्हतं म्हणून ते मला शिकवायचे. लगेच तयार झाले. मला वाटलं, हिरासाठी. जीपमध्ये बसल्यावर म्हणाले, "ते मोतीबाईंच्या हातच्या रश्श्याचं इतकी वर्षं नुसतं ऐकतोय." नवसाचं मी सांगितलं नाही. दुपारी पानात भुजं आलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. समोर अंगणात लाल ठिपक्यांच्या धष्टपुष्ट कोंबड्या फिरत होत्या. मोतीबाईने त्यांना नवसाची हकिगत सविस्तर सांगितली. जेवून उठल्यावर ह्यांनी हात धुतले आणि हिराला म्हणाले, "बाळ, ये बस. वर्गसमीकरणं काढ."

त्यानंतर हे सगळा जून तिकडे जात राहिले. पावसाने ओढा चढला की अलीकडे छत्री धरून उभे राहायचे आणि काशिनाथ येऊन हात धरून त्यांना पलीकडे न्यायचा. हिरा चुकली की हे रागवायचे. हिरा त्यांच्यावर रागवायची. सीताबाई दारातून दोघांवर. बाहेर आजोबा बसलेले असायचेच. एकदा वर्गसमीकरण सुटलं नाही म्हणून हिराने वही भिरकावली, तर काशिनाथने ती पावसातून उचलून आणली, धोतराला पुसली आणि तिच्यासमोर ठेवली.

जुलैच्या परीक्षेला काशिनाथ तिला घेऊन केंद्रावर गेला आणि पेपर सुटेपर्यंत फाटकाबाहेर भिजत बसून राहिला. मग पुन्हा निकालाचा दिवस आला, पुन्हा टेकडी. या वेळी लोक कमी होते, अपेक्षा कुणी बोलून दाखवत नव्हतं. रफिकने निकाल उघडला. गणितात पास. काठावर, पण पास. हिरा हमसून हमसून रडायला लागली. टेकडीखालून कुणीतरी विचारलं, "काय झालं?" आणि वरून दहा जणांनी एकदम सांगितलं.

नवस फेडायला मुहूर्त वगैरे कुणी बघितला नाही. वाघदेवापाशी चुली मांडल्या, वर ताडपत्री बांधली. पाडा, शेजारचा पाडा, भगत, शाळेचे सर, आम्ही दोघं, रफिक. आमचे हे सगळ्यात पुढे, मांडी घालून. नागलीच्या भाकऱ्यांची चळत लागली होती आणि पातेल्याचं झाकण काढताच असा वास सुटला की आजोबांनी डोळेच मिटले. मोतीबाई पळी घेऊन वाढायला उभी राहिली. जन्मभर ज्याची वाट बघितली तो दिवस आल्यासारखी ती दिसत होती.

"थांबा," हिरा म्हणाली.

तिच्या हातात डालगं होतं. आत नव्या पिल्लांची चिवचिव चालली होती. ती सरळ वाघदेवासमोर गेली, शेंदराच्या वाटीत बोट बुडवलं आणि एकेका पिल्लाच्या डोक्यावर ठिपका लावायला सुरुवात केली. नवस आजवर तिच्या नावाने दुसऱ्यांनी बोलला होता. आता ती स्वतः बोलत होती. "वाघदेवा, मी बारावी पास होईन. तोवर ह्या पिल्लांना आन त्यांच्या पिल्लांना कुणी सुरी लावायची नाय."

मोतीबाईची पळी हवेतच राहिली. हे तिलाही माहीत नव्हतं. मी तिला इतकी हडबडलेली पहिल्यांदाच पाहिली. "अगं ए भवाने," ती म्हणाली, "दोन वर्सं?"

सगळ्या पंगतीने काशिनाथकडे पाहिलं. त्याच्यासमोर रिकामं ताट होतं. त्याने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा पिल्लांकडे, आणि ताट पुढे सरकवलं.

"बोलली ना ती?" काशिनाथ म्हणाला. "झालं मग. वाढा."